शिडीशिवाय पडलेला माणूस

३ मार्च, सोमवार

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र आयोगाची सदस्य म्हणून आज पहिला दिवस. पाटीवर ‘स्वतंत्र’ हा शब्द सगळ्यांत मोठा आहे. आणि ती पाटी आहे पोलीस मुख्यालयाच्या आवारात, जप्त केलेल्या गाड्यांच्या शेडवरच्या मजल्यावर. तक्रार करायला येणाऱ्या माणसानं आधी बंदूकधारी शिपायाला सांगायचं की मी तुमच्याविरुद्ध तक्रार करायला आलोय, आत सोडा. मी हसून अध्यक्षांना म्हटलं, हे काही बरं नाही. ते निवृत्त न्यायाधीश आहेत, फार गोड बोलतात. म्हणाले, “तुमच्यासारखी तळमळ हवीच होती आम्हाला. जागेचं बघू. घाई नको.”

तिसरे सदस्य पोलिसांतून निवृत्त झालेले बडे अधिकारी आहेत. बैठकभर डोळे मिटून बसले होते. झोपले होते की काय कोण जाणे.

खरा माणूस भेटला तो तपास अधिकारी. सगळं ऑफिस त्यांना दादा म्हणतं. पोलीस खात्यातूनच आलेत, उसने म्हणावेत तसे, दोन वर्षांनी परत तिकडे जाणार. पण स्वभावानं लोणी. माझी डगमगती खुर्ची बदलून दिली, पंखा दुरुस्त करून घेतला, वर म्हणाले, “मॅडम, काही लागलं तर आधी मला सांगा. कुठलीही गोष्ट असो.” आयुष्य कामगार न्यायालयात मालकांच्या वकिलांशी भांडण्यात गेलं, असा हाताखालचा माणूस कधी मिळाला नव्हता.

नवरा म्हणाला, “म्हणजे तू आता पोलिसांची पोलीस.” स्वतःच्या विनोदावर स्वतःच खूप हसला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरा श्रोता उरलेला नाही.

११ मार्च, मंगळवार

आज एक वायरमन आणि त्याची बायको आली होती. तो पस्तिशीचा असेल. उजवा हात मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. चार बोटं वळत नाहीत. बोलली बायकोच. शिवणकाम करते, आवाज खणखणीत.

झालं ते असं. ठाण्यातला पंखा आणि इन्व्हर्टर दुरुस्त करायला त्याला निरोप आला. हा हत्यारांची पिशवी घेऊन गेला. काम चालू असताना तिथल्या इन्स्पेक्टरचा मोबाइल सापडेना. बाहेरचा माणूस हाच. मागच्या खोलीत नेलं. हात टेबलावर ठेवायला लावला आणि...

“पुढचं मी सांगतो,” तो एवढंच म्हणाला, आणि सांगितलं मात्र नाही.

संध्याकाळी मोबाइल इन्स्पेक्टरच्याच गाडीत सीटखाली सापडला. मग याला सोडलं. जाताना सांगितलं, “शिडीवरून पडलो म्हण.” दवाखान्यातही तसंच लिहिलं गेलं, कारण सोबत शिपाई होता.

“माफी तरी मागितली का कुणी?” मी विचारलं.

बायको म्हणाली, “पंखा अर्धवट राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी परत निरोप पाठवला होता, ताई.”

१८ मार्च, मंगळवार

ठाण्यासमोरच्या औषधाच्या दुकानदाराला मी फोन केला. मोकळा माणूस. म्हणाला, “अहो, शिडी कुठली? त्यांच्याकडे शिडी नाहीच. लागली की माझी नेतात. त्या दिवशी वायरमन सकाळी सांगून गेला होता, शेठ, लागली तर नेईन. पण न्यायला आलाच नाही. माझी शिडी दिवसभर इथं भिंतीला टेकून होती, मी स्वतः वरची खोकी काढली तिच्यावर चढून.”

मला खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं. जी शिडी ठाण्यात गेलीच नाही, तिच्यावरून माणूस पडला! दादांना लगेच बोलावून सगळं सांगितलं. दुकान कुठलं, माणूस कसा, काय काय म्हणाला. दादा म्हणाले, “उद्याच्या उद्या जातो. साक्षीदार गरम असतानाच जबाब घेतलेला बरा.” हा उत्साह बघून बरं वाटलं.

२० मार्च, गुरुवार

दुकानदाराला काही आठवत नाही. दादांनी जबाब आणला, सही आहे. ‘शिडी कुणी नेली अगर नेली नाही हे सांगता येणार नाही.’

दादांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. “लोक घाबरतात हो मॅडम. आपण कितीही केलं तरी.” मी त्यांचीच समजूत काढली.

२ एप्रिल, बुधवार

ठाण्यातले कॅमेरे त्या दिवशी बंद होते. का, तर वीजजोडणीत बिघाड. म्हणजे वायरमनला बोलावलं होतं म्हणून वायरमनला मारल्याचं चित्र नाही. हे मला लेखी कळवलंय, सही-शिक्क्यासह, आणि वाचून कुणालाही हसू आलेलं नाही.

दवाखान्यातल्या नर्सनं आधी मला सांगितलं होतं की शिपाई खोलीतून हलायला तयार नव्हता. दादा जाऊन आले. आता ती म्हणते, गर्दी होती, लक्ष नव्हतं. बिचारे दादा उन्हातान्हाचे हिंडतात आणि हाती काही लागत नाही.

अध्यक्षांना तिसऱ्यांदा जागेबद्दल विचारलं. “बघतोय ना,” म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

चिडचिड घरी आणू नये म्हणतात, पण घरीही काही कमी नाही. नवऱ्याला हल्ली माझा पिच्छाच पुरवायचा असतो. सकाळी बसथांब्यापर्यंत येतो, संध्याकाळी न्यायला हजर. “पाय मोकळे होतात,” म्हणे. याला आयुष्यात कधी पाय मोकळे करायचे नव्हते. दाराची कडी चांगली होती ती काढून भक्कम कुलूप बसवून घेतलं. बाहेरच्या दिव्याची काच फुटली तर म्हणाला, मांजरानं पाडली. फोन वाजला की माझ्याआधी धावतो आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देतो. राँग नंबरही हल्ली इतके का येतात कळत नाही.

शेवटी आज बोलले मी. “रिकामपणानं तुला वेड लागेल. एखादी शिकवणी धर.” तो बरं म्हणाला. भांडलाही नाही. यानं भांडू नये याचाही राग आला.

२२ एप्रिल, मंगळवार

आज वायरमनची बायको एकटीच आली. बसायलाही तयार नव्हती.

“ताई, खरं सांगा, तुम्ही आमच्या बाजूनं आहात की त्यांच्या?”

मी म्हटलं, आम्ही कुणाच्याच बाजूनं नसतो, आम्ही फक्त...

“मग तुमचे ते दादा आमच्या घरी येऊन असं का म्हणाले, की नवरा पुन्हा आत जायला वेळ लागणार नाही?”

मला क्षणभर कळेचना ती कुणाबद्दल बोलतेय.

“दुकानदाराकडेही तेच गेले ना? त्याच्या दुकानाचा परवाना नीट आहे का म्हणून विचारलं. नर्सला विचारलं, मुलगी कुठल्या शाळेत जाते. ताई, तुम्ही ज्यांची ज्यांची नावं त्यांना दिलीत ना, ते सगळे गप्प झाले. जरा आठवून बघा.”

आठवून बघायची गरज नव्हती. गेला महिनाभर मी स्वतःच्या हातानं एकेक साक्षीदार त्याला नेऊन देत होते. वर त्याला उन्हाचा त्रास होतो म्हणून थंड पाणी पाजत होते.

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

हे वाक्य दिवसभर कानातून जात नाहीये.

२३ एप्रिल, बुधवार

दादांना समोर बसवलं आणि सरळ विचारलं. वाटलं होतं, नाकारतील. नाकारलं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी खरं बोलले असावेत.

“मॅडम, मला दोन वर्षांनी परत कुठं जायचंय? तिकडंच. ज्याच्याविरुद्ध आज अहवाल लिहीन, तो उद्या माझा साहेब असेल. तुम्ही वकिलीत परत जाल. मी कुठं जाऊ?”

“मग ही नेमणूक घेतलीत कशाला?”

“मागून कोण घेतं हो? पाठवतात. शिक्षा म्हणून पाठवतात इथं. नीट वागलं तर लवकर परत बोलावतात.” मग दारात थांबून म्हणाले, “हात मोडायला नको होता. आम्हालाही पटलेलं नाही ते.”

म्हणजे पटलेलं नाही, तरीही. अशा माणसावर ओरडायचं तरी काय!

अध्यक्षांना कडक शब्दांत कळवलं की या माणसाला आयोगातून काढा. आणि नवल म्हणजे त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. इथे आल्यापासून पहिल्यांदाच माझं म्हणणं एका दिवसात मान्य झालं.

२९ एप्रिल, मंगळवार

औषधाच्या दुकानात स्वतः गेले. मला बघताच दुकानदारानं पाठ फिरवून बाटल्या लावायला घेतल्या.

“मला काही आठवत नाही, बाई.”

“आठवू नका. एवढंच सांगा, शिडी तुमचीच ना?”

“शिडी माझीच. त्यात काय लपवायचंय?”

“मग तिच्यावरून माणूस पडला असं सगळे म्हणतात. उद्या तुमच्यावरच यायचं. मोडकी शिडी दिली म्हणून.”

यावर तो गर्रकन वळला. “मोडकी? चढून बघा! हत्ती चढवा हवं तर!” आणि मग इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर पडलं. परवान्यावरून धमकावलं ते, रात्रंदिवस गाडी दुकानासमोर उभी करतात ते, बायको माहेरी जाऊन बसलीय ते. शेवटी म्हणाला, “जबाब देतो. पण तुमच्या त्या ऑफिसात येणार नाही. इथंच घ्या, गिऱ्हाइकांसमोर. चार लोकांनी ऐकलं की मग मला एकट्याला काय करतील?”

काउंटरवर खोकल्याच्या बाटल्या बाजूला सारून मी लिहून घेतलं. रांगेतली एक आजी मध्येच म्हणाली, “हो, त्या दिवशी ती शिडी इथं मीपण पाहिली होती, मला अडखळायला झालं होतं.” तिचाही जबाब घेतला. ठाण्याच्या दारात दोघंजण उभे राहून बघत होते. बघू देत.

१३ मे, मंगळवार

सुनावणी झाली. खुली झाली, त्यासाठी अध्यक्षांच्या नाकी नऊ आणले मी.

इन्स्पेक्टर देखणा आहे, इस्त्रीचा. वायरमनबद्दल बोलताना ‘हा’, ‘याला’, ‘हा आला तेव्हा’. मी थांबवलं. म्हटलं, “ते तक्रारदार आहेत. ‘त्यांना’ म्हणा.” खोलीत सगळे चपापले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं. आणि तिथून पुढं त्या माणसानं एकही सर्वनाम वापरलं नाही! “कामासाठी बोलावणं झालं. काम चालू असताना पडणं झालं. दुखापत घडली.” ‘त्यांना’ म्हणण्यापेक्षा सगळं व्याकरण मोडलेलं त्याला चाललं.

“कशावरून पडणं झालं?”

“शिडीवरून.”

दुकानदारानं सांगितलं. आजीनं सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाला, “मग टेबलावरून असेल.” थोड्या वेळानं, “किंवा खुर्चीवरून.”

वायरमन तोवर एक शब्द बोलला नव्हता. आता उठला. म्हणाला, “साहेब, हात टेबलावर ठेवायला कुणी सांगितलं तेवढं सांगा. मी स्वतःहून ठेवला नाही.” आणि मार्चमध्ये जे सांगायचं राहिलं होतं ते त्यानं सगळं सांगितलं, कोणत्या बोटापासून सुरुवात केली तिथपासून. त्याची बायको खाली बघत होती. तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

१६ मे, शुक्रवार

निर्णयाची बैठक. अध्यक्षांचं मत, संशयाचा फायदा द्यावा. मी विरोधात. राहिले तिसरे सदस्य, बडे साहेब. मी आशाच सोडली होती.

त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, “शिडीवरून पडलेल्या माणसाचं मनगट जातं, खांदा जातो. चारही बोटं अशी एका रेषेत मोडत नाहीत. त्याला पट्टी लागते, लाकडी. आणि हात धरायला दुसरा माणूस लागतो.”

“तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?” अध्यक्षांनी विचारलं.

“नोकरी केलीय ना,” ते म्हणाले आणि माझ्या बाजूनं हात वर केला. अनुभवी माणूस असला की असा उपयोग होतो! मी उगाच त्यांना झोपाळू समजत होते. बाहेर पडताना आभार मानले, तर मान फिरवून जिना उतरून गेले.

आयोगाच्या चार शिफारशी ठरल्या. गुन्हा नोंदवा. बाहेरच्या अधिकाऱ्याकडून चौकशी करा. भरपाई द्या. आणि इन्स्पेक्टरला ठाण्यातून हलवा. घरी जाताना नवऱ्याला म्हटलं, आज जिंकले. तो म्हणाला, “छान. आतल्या बाजूनं चाल, गाड्या जोरात येतात.” इथंही याचं हेच!

२० जून, शुक्रवार

उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवलं तर कळलं, फाइल अभिप्रायासाठी गेली आहे. कुणाच्या अभिप्रायासाठी? पोलीस खात्याच्या. म्हणजे आम्ही त्यांना सांगायचं की तुम्ही चुकलात, आणि मग त्यांना विचारायचं की आम्ही बरोबर का. वायरमनचा दर आठवड्याला फोन येतो. आज म्हणाला, “ताई, फोन केला तर राग नाही ना?” मीच ओशाळले.

१५ जुलै, मंगळवार

उत्तर आलं. गुन्ह्याची, चौकशीची आणि भरपाईची शिफारस ‘विचाराधीन’. चौथी मान्य. इन्स्पेक्टरला ठाण्यातून हलवलं.

दुसरं पान उलटलं. हलवलं कुठं, तर पोलीस तक्रार आयोगात. तपास अधिकारी म्हणून. ‘रिक्त झालेल्या जागी.’

ती जागा मीच रिक्त करून घेतली होती.

तीनदा वाचलं. अध्यक्षांकडे गेले. ते पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, “आदेश सरकारचा आहे. आपण काय करणार? आणि तुम्हाला तो ठाण्यात नको होता ना?” बडे साहेब शेजारीच होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

१८ जुलै, शुक्रवार

तो आज हजर झाला. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, “नमस्कार, मॅडम. आता आपल्याच मार्गदर्शनाखाली.” ‘आपल्या’ म्हणाला. माझ्यासाठी सर्वनामं आहेत त्याच्याकडे.

मग म्हणाला, कामाचा अंदाज यावा म्हणून जुनी प्रकरणं वाचायला हवीत, साक्षीदारांच्या पत्त्यांसकट. मी म्हटलं, त्या प्रकरणाच्या कागदाला हात लावलात तर मी शेडवरच्या गच्चीत उभी राहून ओरडेन, खालच्या तुमच्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल असं. तो हसला. “मॅडम विनोदी आहेत,” असं बाहेर कुणाला तरी सांगताना ऐकू आलं.

कागदपत्रं अध्यक्षांच्या कपाटात ठेवून, किल्ली त्यांच्या हातात देऊन, आणि ती दिल्याचं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगून आले. किती दिवस टिकेल हे?

१९ जुलै, शनिवार

वायरमनला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून त्याच्या घरी गेले. नवरा सोबत यायचंच म्हणाला, आला, आणि आत न बसता दारात रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. लोकांना काय वाटेल याचं याला काही नाही.

एकच खोली. एका बाजूला शिलाई मशीन, खिडकीत वाळत घातलेले ब्लाउज. वायरमन डाव्या हातानं काज करायला शिकतोय. सुई सारखी निसटते.

मी सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. त्याला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ठसका लागला. बायकोनं पाणी दिलं. “म्हणजे माझी तक्रार आता तोच तपासणार?” असं म्हणून पुन्हा हसला. मग एकदम थांबला.

“ताई, याच्यावर कुठं जाता येतं?”

“न्यायालयात. सरकारविरुद्ध, खात्याविरुद्ध.”

“आणि तुमच्याविरुद्ध?”

मी म्हटलं, हो. आयोगाविरुद्धही जाता येतं. जायलाच हवं, नेमणुकीला आव्हान द्यायचं तर.

“मग लिहा,” तो म्हणाला. “माझ्यानं पेन धरवत नाही.”

आयोगाच्या सदस्यानं तक्रारदाराचा अर्ज लिहून देणं कुठल्याच नियमात बसत नाही. राजीनामा द्यावा असं चार दिवस मनात घोळतंय. पण मी गेले की खुर्ची मोकळी होईल, आणि मोकळ्या खुर्चीत कोण येऊन बसतं ते पाहिलंय. सोमवारी अध्यक्षांना स्वतः सांगणार आहे की हे अक्षर माझं आहे. काढायचं तर काढोत.

बायकोनं मशीनवरचं कापड उचलून जागा करून दिली. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. वकिली भाषा घालायला लागले की तो म्हणायचा, “असं नाही, मी म्हणालो तसं लिहा.” तसं लिहिलं.

मग वर सगळ्यांची नावं घालायची वेळ आली. अर्जदार, तो. प्रतिवादी क्रमांक एक, सरकार आणि पोलीस खातं. प्रतिवादी क्रमांक दोन, आयोग आणि त्याचे सदस्य. अध्यक्षांचं नाव लिहिलं, बड्या साहेबांचं लिहिलं. पेन थांबलं.

“तुमचं राहू द्या, ताई,” वायरमनची बायको हळूच म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं, आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण.